जुन्या वाड्याला नवी खोली, नव्या खोलीला ॲल्युमिनियमचं दार: कोटेशन देण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनच्या कामाचा चौरस फुटाचा दर कसा काढायचा ते पाहिलं. सेक्शनचं वजन, काच, हार्डवेअर, मजुरी, वाहतूक, वेस्टेज आणि त्यावर आपला नफा. फ्लॅट, बंगला, दुकान अशा कामांना तो हिशोब चालतो. आज अशा एका कामाबद्दल बोलू जिथे तोच हिशोब तुम्हाला खड्ड्यात घालेल. मला घातला होता, म्हणून सांगतोय.

काम कसलं? वास्तू जुनी, दगड-चुन्याची किंवा पातळ विटांची. मालकाला ती पाडायची नाही, पण जागा कमी पडते. मग मागे परसात एक नवी खोली वाढवतात. वाढीव स्वयंपाकघर, बसायची खोली, कधी होमस्टेचा डायनिंग हॉल. त्या नव्या खोलीला मोठं सरकतं काचेचं दार आणि खिडक्या हव्या असतात. आर्किटेक्ट चित्र काढतो, ते दिसतं भारी. आणि कोटेशन मागायला माणूस तुमच्याकडे येतो.

वाडे, जुने बंगले, कोकणातली चिऱ्याची घरं, गोव्यातली पोर्तुगीज काळातली घरं, सगळीकडे आता अशी कामं निघतात. स्पर्धा कमी असते, कारण नेहमीचे फॅब्रिकेटर अशा कामाला हात लावायला बिचकतात. पैसा आहे. पण तो कुठे आहे आणि कुठे बुडतो, हे आधी समजून घ्या.

माझे ६१,००० कसे गेले

२०१२ ची गोष्ट. तेव्हा मी ट्रेनर नव्हतो, माझा फॅब्रिकेशनचा छोटा गाळा होता आणि हाताखाली दोन मुलं. साताऱ्यातल्या एका जुन्या वाड्याचं काम आलं. मागे नवी खोली, आरसीसीचे कॉलम-बीम, आणि एका बाजूला थेट जुन्या वाड्याची काळ्या दगडाची भिंत. त्या भिंतीपासून नव्या कॉलमपर्यंत १२ फूट बाय ८ फुटाचं चार शटरचं सरकतं दार, त्याच्यावर स्लॅबखाली एक फिक्स काच, आणि पलीकडे दोन खिडक्या. कोटेशन १,८६,००० रुपये. माझ्या हिशोबाने नफा ३४,०००.

मी गेलो, टेप लावला, दाराची रुंदी मधोमध मोजली. ३६६० मिमी. वहीत लिहिलं आणि चहा पिऊन परत आलो. १० मिमी सोडून ३६५० ची चौकट कापली. काचही त्याच मापावर टफन करायला पाठवली, वेळ वाचावा म्हणून.

चौकट घेऊन गेलो तर खाली शिरेचना. पुन्हा मोजलं. खाली ३६४०, वर ३६७८. म्हणजे तळात आणि माथ्यात ३८ मिमीचा, दीड इंचाचा फरक. भिंत वाकडी झाली होती का? नाही. जुनी दगडी भिंत बांधतानाच खाली जाड आणि वर कमी जाड अशी उतरती घेतात. तिचं ते गणित बरोबर होतं, माझं माप चुकलं होतं.

चौकट १८ मिमीने कमी करून ३६३२ केली. मग कडेची दोन शटर लहान करावी लागली. त्यांच्या काचा टफन झालेल्या, आणि टफन काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलात तर भुगा होतो. वरची फिक्स काच चौकोनी आणलेली, तिथे एक बाजू तिरकी हवी होती. तीन काचा वाया. पुढे मुलाने चौकट धरायला जुन्या भिंतीत हॅमर ड्रिल मारलं, फास्टनर आवळला, आणि एक दगड जागचा हलला. आतली भर सांडायला लागली. गवंडी बोलवून चार दिवस ती भिंत दुरुस्त केली. शेवटी वरच्या बाजूला राहिलेली ४६ मिमीची फट आम्ही सिमेंटने भरली, वरून सिलिकॉन ओढलं आणि निघालो. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत.

हिशोब लिहून घ्या. नव्या काचा १४,५००. सेक्शन आणि पुन्हा पावडर कोटिंग १२,५००. भिंतीची दुरुस्ती ११,०००. जादा फेऱ्या आणि मजुरी ९,०००. आणि मालकांनी शेवटच्या हप्त्यातून कापून घेतले १४,०००. एकूण ६१,०००. नफा धरला होता ३४,०००, म्हणजे खिशातून गेले २७,०००. त्या महिन्याचा मुलांचा पगार मी सोसायटीचं कर्ज काढून दिला.

मालक शांत माणूस. एवढंच म्हणाले, "मापं घ्यायला तुम्हाला दहा मिनिटं लागली हो. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

चूक टेपची नव्हती, चूक कोटेशनची होती

खूप दिवस मला वाटायचं की माझी चूक म्हणजे तीन ठिकाणी न मोजणं. ती होतीच. पण खरी चूक त्याआधीची होती. मी ते काम दार म्हणून विकलं. गिऱ्हाईकाला मात्र दोन इमारतींमधला सांधा हवा होता, आणि त्या सांध्याची किंमत माझ्या कोटेशनमध्ये शून्य होती.

हे नीट समजून घ्या. जुना वाडा त्याच्या पायावर शंभर-दीडशे वर्षं बसलाय. त्याचं जे खचायचं ते खचून झालंय. नवी खोली नव्या पायावर आहे, तिचा पाया पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत थोडा दबणार. म्हणजे नवं थोडं खाली जाणार आणि जुनं जागेवर राहणार. आता तुमची चौकट एका बाजूने जुन्या भिंतीला आणि दुसऱ्या बाजूने नव्या कॉलमला घट्ट आवळलेली असेल तर काय होईल? ती पिळवटणार. आधी दार जड सरकतं. मग लॉक लागत नाही. मग कोपऱ्यात काच तडकते. आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल हलका वापरला.

त्यात ॲल्युमिनियम स्वतःही हलतं. एक मीटर लांबीला एक अंश तापमानवाढीला ते ०.०२४ मिमी वाढतं. ३६६० मिमीच्या ट्रॅकला ४० अंशांचा फरक पडला तर साधारण साडेतीन मिमी. गडद रंग आणि पश्चिमेचं ऊन असेल तर हा फरक सहज पडतो. दगडी भिंत एवढी हलत नाही.

म्हणून या कामाचा नियम: चौकट नव्या बांधकामाच्या अंगावर उभी करायची. खाली नव्या कोब्यावर, वर नव्या बीमवर. जुन्या भिंतीच्या बाजूला भिंतीपासून थोडं सुटं ठेवून, ओळंब्यात सरळ, एक स्वतंत्र उभा पाइप द्यायचा, तोही खाली-वर नव्याला धरलेला. चौकट त्या पाइपाला. आणि पाइप ते जुनी भिंत ही जी फट उरते, ती वेगळ्या जोडपट्टीने झाकायची. भिंत वाकडी आहे तर जोडपट्टी वाकडी कापा. चौकट वाकडी करू नका, दार सरकायचं थांबेल.

ही जोडपट्टी म्हणजे तुमच्या कामाचा निम्मा जीव. आणि तिचा दर चौरस फुटात लावता येत नाही, रनिंग फुटात लावावा लागतो. तो कसा, ते शेवटी कोटेशनमध्ये बघू.

आधी परवानगीचा कागद बघा

हे मालकाचं काम आहे, तुमचं नाही. पण काम अडलं तर तुमचा माल आणि तुमचे पैसे अडकतात, म्हणून विचारायचं.

मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीपासून इमारतींना श्रेणी आहेत: १, २अ, २ब आणि ३. श्रेणी १ मध्ये बदलाला जवळजवळ वावच नाही. २ब मध्ये वाढीव बांधकामाला काही परिस्थितीत परवानगी मिळू शकते, पण ते मूळ इमारतीशी जुळणारं हवं, उंची आणि दर्शनी भाग खास करून. श्रेणी ३ मध्ये थोडी मोकळीक जास्त. पुण्यासारख्या इतर शहरांतही महापालिकेची वारसा यादी असते. म्हणून मालकाला सरळ विचारा: "वास्तू यादीत आहे का? श्रेणी कोणती? मंजूर नकाशात दार-खिडक्यांचा प्रकार आणि रंग लिहिलाय का?" लिहिला असेल तर त्या पानाची प्रत घ्या आणि कोटेशनला जोडा.

दुसरी गोष्ट वास्तूची नाही, शेजाऱ्याची. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून, म्हणजे पुण्यात शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर धरा, १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असतं. तिथे नवं बांधकाम होत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. मालकाचा वाडा साधा असला तरी तो स्मारकाच्या शेजारी असेल तर हे लागू होतं. ॲडव्हान्स घेऊन सेक्शन उचललात आणि खोलीच थांबली, तर तो पावडर कोटिंग केलेला माल दुसऱ्या कुणाच्या मापाला बसत नाही.

आता रंगरूपाबद्दल. बऱ्याच मालकांना वाटतं की वाडा जुना आहे तर ॲल्युमिनियमलाही सागवानी रंगाचा लाकडी फिनिश द्यावा, वर खोटी कमान करावी. मला विचाराल तर हे टाळा. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, जी जगभरचे संवर्धनवाले प्रमाण मानतात, असं म्हटलंय की अपरिहार्य म्हणून जे नवं काम करावं लागेल ते मूळ रचनेपासून वेगळं ओळखू यावं, त्यावर आपल्या काळाची खूण असावी. म्हणजे नवं नवंच दिसू दे, पण त्याने आरडाओरड करू नये. मॅट गडद करडा किंवा गडद तपकिरी रंग, बारीक सेक्शन, आणि नव्या खिडक्यांच्या वरच्या कडा जुन्या खिडक्यांच्या ओळीत. एवढं केलं की ते शोभतं. चकचकीत पांढरा आणि सोनेरी हँडल काळ्या दगडाशेजारी ठेवून बघा, तुम्हालाच कळेल.

आणि एक मोह. तुम्ही मागच्या खोलीचं काम करत असताना मालक हमखास म्हणतो, "एवढं करताय तर पुढच्या जुन्या खिडक्यापण काढून ॲल्युमिनियमच्या टाका." धंदा चालून आलाय असं वाटतं. मी नाही म्हणतो. सागाची जुनी खिडकी सुताराकडून एक झडप, एक बिजागरी बदलून पुन्हा पन्नास वर्षं चालते. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या बाजूच्या आर्ट डेको इमारती बघा. २०१८ मध्ये तिथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण काही घरांत मूळ लाकडी खिडक्या जाऊन सरकत्या ॲल्युमिनियमच्या आल्या, आणि त्या एकेका चौकोनाने दर्शनी भागाची ओळ तुटली. तुम्ही सुताराचा नंबर दिलात तर पाच-पंधरा हजारांचं काम जाईल, पण मालक तुमचं नाव चार ठिकाणी सांगेल. असा माझा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

मापाचा दिवस

मापाला पूर्ण दिवस द्या आणि त्याचे पैसे घ्या. सोबत ओळंबा, गुण्या, पाण्याची लेव्हल ट्यूब, टेप, आणि फर्म्यासाठी हार्डबोर्डच्या चार-पाच पट्ट्या. लेझर असेल तर उत्तम, पण ओळंबा हवाच. गिऱ्हाईक फुटात बोलतं, आपण मिलिमीटरमध्ये लिहायचं.

रुंदी तीन ठिकाणी: खाली, मध्ये, वर. उंची तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. मग दोन्ही कर्ण. ३६६० बाय २४४० चा गाळा काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ४३९९ च्या आसपास येतात. एक ४३९९ आणि दुसरा ४३७० आला तर गाळा तिरका आहे, मग बाकीची मापं कितीही छान दिसू देत. त्यानंतर ओळंबा. जुन्या भिंतीला दोन प्रकारे लावायचा: दाराच्या रेषेत, आणि दाराच्या आडवा. भिंत एकाच वेळी दोन्हीकडे झुकलेली असू शकते. ओळंब्याच्या दोरीपासून दर एका फुटाला भिंतीचं अंतर लिहा. आठ फुटांच्या भिंतीला आठ-नऊ आकडे येतील. तीच तुमच्या जोडपट्टीची कटिंग लिस्ट.

दगड घडीव नसेल तर आकड्यांवर विसंबू नका, फर्मा काढा. हार्डबोर्डची पट्टी ओळंब्यात धरायची, एका छोट्या लाकडी ठोकळ्याला पेन्सिल टेकवून ठोकळा दगडाला घासत वरून खाली आणायचा. भिंतीचा चढउतार पट्टीवर जसाच्या तसा उमटतो. सुतार हे पिढ्यानपिढ्या करतात, आपण फॅब्रिकेटर विसरलो.

जमिनीची लेव्हलही बघा. जुन्या माजघराची फरशी आणि नवा कोबा यांत उतार असतोच. ट्रॅक पाणसळीत बसायला हवा, नाहीतर शटर आपोआप एका कोपऱ्यात जाऊन बसेल.

आणि हसू नका, पण वाड्याचा दिंडी दरवाजाही मोजा. चार शटरच्या १२ बाय ८ च्या दाराचं एक शटर साधारण ३ बाय ८ फूट. काचेचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: एक चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीचे अडीच किलो. ८ मिमी काच म्हणजे २० किलो. एका शटरला सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे नुसती काच ४५ किलो, वर सेक्शन. हे आठ फुटी शटर बोळातून, दिंडीतून, चौकातून वळवून परसात न्यायचंय. आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवरून दोरखंड लावून उतरवलं होतं. तिथे मजुरीचा एक दिवस गेला, जो कोटेशनमध्ये नव्हता. याच वजनावरून बेअरिंग निवडायचं, दुकानदार देईल ते नाही.

जुन्या भिंतीला हात लावताना

जाड जुन्या भिंतींत बऱ्याचदा दोन बाजूंना दगड आणि मध्ये भर असते. चुना मऊ असतो. आवळल्यावर फुगणारा फास्टनर अशा भिंतीत दगड एकमेकांपासून ढकलतो. म्हणून हॅमर बंद, साधं ड्रिल, बारीक भोक, आणि तेही दगडात नाही, सांध्यात. सांधा उद्या चुन्याने पुन्हा भरता येतो, दगडाचं भोक कायमचं. तिथे फक्त जोडपट्टी जागेवर धरण्यापुरता गिट्टी आणि स्टेनलेस स्क्रू. दाराचं वजन त्या भिंतीवर टाकायचंच नाही.

फट सिमेंटने भरू नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिची कड बंद केली की ओल आत अडकते आणि बाजूचा चुना पोपडे धरून सुटतो. दुसरं, ओला चुना आणि ओलं सिमेंट दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. पावडर कोटिंगवर डाग, ॲनोडायझिंगवर पांढरे चट्टे. गवंडीकाम संपेपर्यंत सेक्शनवरची प्लास्टिक फिल्म काढू नका, आणि शिंतोडा उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. वाळल्यावर खरवडायला गेलात तर कोटिंगही जातं.

सिलिकॉन घेताना वास घ्या. लावल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिडिक. ते काचेला ठीक, पण चुना-सिमेंटच्या भिंतीला चालत नाही, तिथली पकड काही काळाने सुटते. दुकानात "न्यूट्रल" म्हणून मागायचं. दगडावर आधी धूळ पूर्ण झाडायची, आणि एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून चार-आठ दिवस बघायचं, कारण काही सिलिकॉनचं तेल दगडात उतरून काळपट पट्टा दिसतो. फटीत आधी फोमची गोल दोरी दाबायची, तिला बॅकर रॉड म्हणतात, आणि त्यावर सिलिकॉन. खोली रुंदीच्या साधारण निम्मी. म्हणजे सिलिकॉन दोनच बाजूंना चिकटतं आणि रबरासारखं ताणतं. मागेही चिकटलं तर हालचाल झाली की फाटतं. २५ मिमीच्या वरची फट सिलिकॉनचं काम नाही. माझी ४६ ची होती.

पाण्याचं गणित

आर्किटेक्टना आणि मालकांना हल्ली आत-बाहेर एक लेव्हल हवी असते, ट्रॅक फरशीत बुडवलेला, पाय अडखळायला नको. दिसायला सुंदर. पण साताऱ्याकडचा किंवा कोकणातला पाऊस आडवा येतो. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र भारतीय मानक ८७५ मध्ये आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, दाब २४० पास्कल. एक मिलिमीटर पाणी साधारण १० पास्कल अडवतं. म्हणजे तो वारा ट्रॅकमधलं पाणी २४ मिमी वर ढकलू शकतो. ट्रॅकची आतली कड बाहेरच्यापेक्षा तेवढी उंच नसेल तर पाणी आत येणारच, सिलिकॉनच्या चार ट्यूब ओतल्या तरी.

मग दोनच मार्ग. एक, कड उंच ठेवा आणि मालकाला समजावून सांगा. दोन, एक लेव्हलच हवी असेल तर बाहेर दाराच्या लांबीइतकी जाळीची गटार आणि दारावर खोल छज्जा, हे दोन्ही लेखी घ्या. ट्रॅकची पाणी जायची भोकं बाहेरच्या बाजूला आहेत आणि गवंड्याने ती कोब्यात बुजवली नाहीत, हे स्वतः तपासा. बुजवतोच तो.

आणि वर बघा. जुन्या कौलांच्या पागोळ्या नेमक्या जुन्या-नव्याच्या सांध्यावर पडत असतील तर आधी पन्हळ लावून घ्या. हे तुमच्या कामात मोडत नाही, पण पाणी आत आलं की फोन तुम्हालाच येतो.

कोटेशन असं लिहा

दर शहरागणिक वेगळे, म्हणून आकडे समजा म्हणून घ्या. दार ९६ चौरस फूट, दर समजा ९५० रुपये, झाले ९१,२००. जोडपट्टी: जुन्या भिंतीची उंची आणि वरचा आडवा सांधा मिळून २२ रनिंग फूट, दर समजा ६५०, झाले १४,३००. माप आणि फर्मा ३,०००. एकूण १,०८,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी १९,५३०, म्हणजे १,२८,०३०. तुमची नोंदणी असेल तर कर वेगळा दाखवा, "सगळं धरून" असा तोंडी आकडा कधीच सांगू नका.

शेजारच्या फॅब्रिकेटरचं कोटेशन ९१,२०० वर थांबेल आणि मालक विचारेल, तुम्ही महाग का? तेव्हा जोडपट्टीचं हाताने काढलेलं चित्र समोर ठेवा. भिंत इथे, पाइप इथे, फट अशी झाकणार, पाणी असं बाहेर जाणार. मग विचारा, "त्यांच्या कोटेशनमध्ये ही फट कोण भरणार आहे?" मी अशी कामं याच एका चित्रावर घेतली. सुबक चित्र लागत नाही, खरं लागतं.

खाली अटी लिहा, साध्या मराठीत. परवानग्या मालकाच्या. जुन्या भिंतीत आधीपासून ढिलं असलेलं बांधकाम दुरुस्त करणं वेगळं. काचेची ऑर्डर चौकट बसल्यावर, प्रत्यक्ष मापावर, म्हणून चौकट आणि काच यांत दिवस जाणार, तेवढे दिवस दाराला प्लायवूड लावून देऊ. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची, नाहीतर मालक रोज फोन करतो की घर उघडं पडलंय. पैशांचे हप्ते मी असे ठेवत असे: ऑर्डरला ४० टक्के, चौकट बसल्यावर ३०, काच बसल्यावर २५, आणि ५ टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर. ५ टक्के अडकवून ठेवणं काहींना पटत नाही. पण पावसानंतर येऊन बघेन असं लेखी देणारा फॅब्रिकेटर मालकाला दुसरा मिळत नाही, आणि तुमचाही हात सांधा भरताना आपोआप नीट चालतो.

पहिलंच काम म्हणून मात्र हे घेऊ नका. आधी साध्या बंगल्यांची दहा-बारा दारं बसवा, हात बसू दे.

साताऱ्याच्या त्या मालकांचा दोन वर्षांनी फोन आला. "पाणी येतंय अजून. पैसे घ्या, पण नीट करून द्या." मी गेलो. सिमेंट हळूहळू खरवडून काढलं, फर्मा घेतला, वर ३८ मिमी आणि खाली शून्य अशी पाचरीसारखी पट्टी गाळ्यावर बनवून आणली, आणि वरपासून खालपर्यंत ८ मिमीचा एकसारखा सांधा ठेवून बॅकर रॉड, न्यूट्रल सिलिकॉन भरलं. बसवायला सहा तास लागले. ४,५०० घेतले. आधीचे १४,००० त्यांनी दिले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या किंवा नातेवाइकांच्या जुन्या घरातला एक दरवाजा निवडा. रुंदी तीन, उंची तीन, कर्ण दोन, आणि दोन्ही बाजूंना ओळंबा लावून दर फुटाचं अंतर. सगळं मिलिमीटरमध्ये वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत अशाच मापांवरून चौकट आणि जोडपट्टीची कटिंग लिस्ट काढू. वही सोबत ठेवा.